सुगीची गैरहजेरी

लिझेट डेगलला माफी मागता येत नाही, असं मुळीच नाही. अँब्युलन्समध्ये ती दिवसातून वीस वेळा माफी मागते. सुई टोचताना मागते, मोडलेला पाय सरळ करताना मागते, बर्फावरून घसरलेल्या म्हाताऱ्याची नवीकोरी पँट कात्रीने उभी कापताना तर दोनदा मागते. पण एका गोष्टीची माफी तिने तेरा वर्षांत मागितली नव्हती. आणि ती मागितल्याशिवाय मेडिकल कॉलेजचं दार उघडणार नाही, असं भेटेल तो शहाणा माणूस तिला सांगत होता.

ती गोष्ट म्हणजे बटाटे.

आमच्या काउंटीत सप्टेंबरच्या मध्यावर शाळांना तीन आठवडे सुगीची सुट्टी लागते. मुलं शेतावर, मास्तरही शेतावर. लिझेट बाराव्या वर्षी काढणीच्या यंत्रावर चढली. ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र जमीन उकरत पुढे जातं, पट्ट्यावरून बटाटे धडधडत वर येतात, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून त्यातले दगड, वेली आणि सडके बटाटे हाताने वेचून बाहेर फेकायचे. कान धुळीने भरतात, बोटांना थंडी कळेनाशी होते. सोळाव्या वर्षी ती सहाजणांची टोळी सांभाळत होती, आणि सतराव्या वर्षी तिचे वडील रेआल डेगल यांनी यंत्राच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. आमच्याकडे मुलीला याहून मोठा मान मिळत नाही.

अठराव्या वर्षी ती दक्षिणेला तीन तासांवरच्या विद्यापीठात गेली. डेगलांच्या घरातून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच. दोन आठवडे वर्गात बसली, सप्टेंबरचा मध्य आला, तशी तिने पिशवी भरली आणि खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली, "सुगीला चालले." मैत्रिणीला वाटलं, त्यांच्याकडचा कुठलातरी सण असेल. बाकी कुणी विचारलं नाही आणि लिझेटने कुणाला सांगितलं नाही. सूर्य उगवला हे सांगायला कुणी कचेरीत जातं का?

तीन आठवड्यांनी ती परत आली, तीसुद्धा रिकाम्या हाताने नाही. प्रत्येक प्राध्यापकासाठी दहा पौंडांची एकेक पिशवी आणली होती. पहिली पिशवी घेऊन ती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या खोलीत गेली. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू कोण?"

"लिझेट डेगल. तुमच्या वर्गात आहे."

"होतीस," ते म्हणाले. बटाटे मात्र त्यांनी ठेवून घेतले.

विषय सोडायची मुदत आठवड्यापूर्वीच संपली होती. विषय सोडता येतो, त्याचा फॉर्म असतो, त्या फॉर्मला मुदत असते, हे सगळं तिला त्या दिवशी एकदमच कळलं. तोवर तीन आठवड्यांचं रसायनशास्त्र आणि गणित हातातून गेलं होतं. डिसेंबरात दोन्ही विषयांत ती नापास झाली.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, चुकलं पोरीचं, नवखी होती. पण दुसऱ्या वर्षी ती पुन्हा गेली.

त्या ऑगस्टमध्ये रेआलची पाठ गेली. मणक्यातली चकती सरकली, आणि त्यांना ना ट्रॅक्टरवर बसता येईना, ना उभं राहता येईना. यंत्र चालवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. या खेपेला फॉर्म असतो हे लिझेटला माहीत होतं. मुदतीच्या आत तिने तो आणलासुद्धा. पण फॉर्मवर कारणांचे चौकोन होते: स्वतःचं आजारपण, घरातला मृत्यू, लष्करी सेवा. तिने फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून वहीत ठेवला आणि गाडी उत्तरेकडे काढली. भौतिकशास्त्राचं पुस्तक ट्रॅक्टरच्या काचेला टेकवून ठेवलेलं असायचं. पण प्रयोगशाळेत हजेरी लागते, ट्रॅक्टरमध्ये लागत नाही. आणखी दोन विषय गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिने ही गोष्ट वेंडेलला सांगितली. वेंडेल म्हणजे अँब्युलन्सवरचा तिचा जोडीदार. अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा, तोंड न दुखणारा.

"थांब, डेगल," वेंडेल म्हणाला. "त्या फॉर्मवर 'इतर' असा चौकोन नव्हता?"

"होता."

"मग?"

"इतर? सुगी म्हणजे इतर?"

वेंडेलने गाडी बाजूला घेतली आणि पोट धरून हसला. "माझ्या आयुष्यात एवढं महागडं स्वाभिमानाचं प्रकरण मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

नापास झालेले चारही विषय लिझेटने पुन्हा घेतले आणि चांगल्या गुणांनी काढले. शेवटची दोन वर्षं तर तिने झकास काढली. पदवी घेतली आणि सरळ घरी येऊन अँब्युलन्सवर रुजू झाली. आधी मदतनीस होती, मग शिकून पॅरामेडिक झाली. चोवीस तास काम, अठ्ठेचाळीस तास सुट्टी, अशी पाळी. सुगीत ती सुट्टीचे अठ्ठेचाळीस तास यंत्रावर असायची.

डॉक्टर व्हायचं हे तिच्या डोक्यात कधी शिरलं, याला कुठला एक दिवस नाही. पण चीड कशाची होती ते ती नेमकं सांगू शकायची. चीड दाराची होती. रस्त्यात कुणाचा श्वास अडकला, तर लिझेट त्याला श्वास देत चाळीस मिनिटं दवाखान्यापर्यंत आणायची. मग दवाखान्याचं दुहेरी दार उघडायचं, माणूस आत जायचा आणि दार बंद व्हायचं. पुढे काय झालं, का झालं, कळायचं नाही. आणि आत जो डॉक्टर असायचा, तो मागच्या हिवाळ्यातला नसायचाच. आमच्या दवाखान्यात डॉक्टर पाहुण्यासारखे येतात. पहिल्या बर्फाला म्हणतात, किती सुंदर. फेब्रुवारीत घरांचे भाव बघायला लागतात, तेही दुसऱ्या राज्यातले.

एकदा तिने शेजारच्या शेतावरच्या मिशोकाकांना छातीत दुखतंय म्हणून नेलं. नव्या डॉक्टरांनी काकांना विचारलं, कुठली औषधं घेता? काकांना नावं आठवेनात. लिझेटने दारातूनच पाचही गोळ्यांची नावं सांगितली, कारण महिन्यापूर्वी तिनेच काकांच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत त्या मांडून ठेवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "धन्यवाद, आता तुम्ही जाऊ शकता."

त्या आठवड्यात तिने मेडिकलसाठी लागणारे विज्ञानाचे विषय पुन्हा घ्यायला सुरुवात केली. विषय जवळच्या छोट्या महाविद्यालयातले, पाळी सांभाळून एका वेळी एक. चार वर्षं लागली. जवळजवळ सगळ्यांत अव्वल गुण. मग प्रवेश परीक्षा दिली. त्यात देशभरातल्या वरच्या दहा टक्क्यांत आली.

आता उरला एक आकडा. आमच्या देशात मेडिकलचा अर्ज करायचा तर पदवीच्या पहिल्या वर्षापासून घेतलेल्या झाडून सगळ्या विषयांची चारपैकी सरासरी लागते. तीनच्या खालचा अर्ज बहुतेक कॉलेजांत माणसाच्या हातात जातच नाही, संगणकाची चाळणी तो आधीच खाली पाडते. लिझेटने विद्यापीठाचं गुणपत्रक घेतलं, नवे विषय त्यात मिळवले आणि कागदावर गणित केलं. तीन पूर्णांक अकरा. तिने ते तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच आलं. चाळणीच्या वरती जेमतेम, पण वरती.

सगळ्या कॉलेजांचे अर्ज ज्या मध्यवर्ती यंत्रणेकडून जातात, तिथून सहा आठवड्यांनी उत्तर आलं: गुण पडताळले. सरासरी दोन पूर्णांक पंच्याऐंशी.

ती त्या वेळी अँब्युलन्समध्ये ऑक्सिजनच्या टाक्या मोजत होती. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलंय. तिने फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं. नापास विषय पुन्हा दिला की तिचं विद्यापीठ जुना गुण काढून नवा लावत होतं. यंत्रणा तसं करत नव्हती. ती दोन्ही धरत होती. पुन्हा घेतलेल्या चार विषयांमागे नापासाची ती चार शून्यं जशीच्या तशी उभी होती.

"म्हणजे मी ते कधीच पास झाले नाही?" लिझेटने विचारलं.

"पास झालात ना. पण नापाससुद्धा झालात."

त्या वर्षी तिने चौदा कॉलेजांत अर्ज केले. चौदाही नकार आले, त्यातले नऊ तर एकाच आठवड्यात. पुढच्या वर्षी पुन्हा चौदा. या खेपेला एका कॉलेजाने निदान नकारात तिचं नाव बरोबर लिहिलं.

तिसऱ्या वेळी ती विद्यापीठातल्या सल्लागार डॉ. हॅच यांना भेटायला गेली. वैद्यकीय प्रवेशासाठी मुलांना तयार करणं हेच त्यांचं काम. बाई मनाने चांगल्या होत्या. अर्जाबरोबर जायचा निबंध त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि टेबलावर ठेवला.

"लिझेट, या निबंधात वडिलांची पाठ कुठे आहे?"

"वडिलांच्या अंगात."

"मी गंमत करत नाहीये. कमिटीला कारण हवं असतं. दुसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते, हे सोन्यासारखं कारण तुझ्याकडे आहे. त्यांच्या वेदना पाहून डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं लिही."

"पण तसं झालं नाही. पापांच्या वेदना पाहून मला ट्रॅक्टरची सीट बदलावीशी वाटली. बदललीसुद्धा."

डॉ. हॅचनी श्वास सोडला. "बरं. पहिल्या वर्षाचं काय?"

"पहिल्या वर्षी पापा ठणठणीत होते."

"तेच म्हणते मी. तिथे लिहायचं की तेव्हा मी अपरिपक्व होते, माझ्या जबाबदाऱ्यांची मला जाणीव नव्हती, त्या चुकीने मला खूप शिकवलं."

"बाई, मी त्या तीन आठवड्यांत सहा जणांना कामाला लावत होते आणि एकाचंही बोट तुटू दिलं नाही. जबाबदारीची जाणीव नसलेली माणसं कोण, ते आमच्या शेतावर येऊन बघा."

"मला पटतंय गं," डॉ. हॅच म्हणाल्या, आणि त्या खरंच बोलत होत्या. "पण सात माणसांची कमिटी असते. ती मतं देते. तुझा अर्ज उघडताक्षणी त्यांना चार शून्यं दिसतात. त्यांना फक्त एवढंच ऐकायचं असतं की तुला वाईट वाटतंय. एक वाक्य. डॉक्टर व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय."

"मग एका वाक्याने काय बिघडतं?"

लिझेट गाडीत बसली. तीन तास ती ते वाक्य जुळवत होती. घरी पोहोचेपर्यंत वाक्य तयार होतं, चांगलं होतं, आणि तिला स्वतःलाच ते ऐकवेना. तिने निबंध लिहिला तो असा: पहिल्या वर्षी मी सुगीला गेले, कारण आमच्याकडे सगळे जातात, आणि मला सांगून जायचं असतं हे माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मला माहीत होतं, तरी गेले. त्यानंतर मी काय केलं ते पुढे लिहिलंय. पुढे तिने अँब्युलन्सबद्दल लिहिलं, त्या दाराबद्दल लिहिलं. तेरा कॉलेजांनी हाही अर्ज खाली पाडला. चौदावं कॉलेज समुद्राकाठचं, सहा तासांवरचं. तिथे आपल्या राज्यातल्या मुलांचे अर्ज चाळणीत न घालता माणसं हाताने वाचतात. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं.

तारीख, तेवीस सप्टेंबर.

त्या वर्षी सप्टेंबरभर पाऊस झाला होता. शेतात गाळ, यंत्र रुतायचं, काढणी बरीच मागे पडलेली. चाळीस एकर बटाटे अजून जमिनीत, आणि सव्वीस तारखेला कडाक्याची थंडी पडून दव गोठणार असा अंदाज. जमीन गोठली की बटाटे गेलेच. रेआल आता सहासष्ट वर्षांचे, बटाट्यांचा ट्रक तेवढा चालवू शकायचे. यंत्र लिझेटच चालवायची. तेवीसच्या मुलाखतीला जायचं तर जायला एक दिवस, यायला एक दिवस.

दुपारच्या जेवणाला ती शेतावरून घरी आली. आई, जिल्बेर्त, तव्यावर कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी टाकत होती. लिझेटने उभ्या उभ्याच सांगितलं, "तारीख बदलून मागणार आहे."

रेआलनी काटा खाली ठेवला. "कसली तारीख?"

"मुलाखतीची."

"वेड लागलंय तुला? तीन वर्षं वाट बघत्येस आणि बोलावलं तर म्हणणार, थांबा, मला बटाटे काढायचेत? त्याच बटाट्यांनी तुझं वाटोळं केलं पोरी! सडू देत चाळीस एकर. मी सांगतो, सडू देत."

"पापा, तुम्ही पाठ सांभाळा. आणि बटाटे सडू देत असं या घरात पुन्हा बोलायचं नाही."

"मी मिशोच्या मुलाला बोलावतो यंत्रावर."

"त्याने मागच्या वर्षी यंत्र नाल्यात घातलं. मिशोंची धाकटी मुलगी चांगली आहे, मी तिला शिकवतेय. पण तिला अजून आठवडा लागेल. हा आठवडा."

जिल्बेर्तने तव्यावरचं धिरडं उचलून लिझेटच्या ताटात टाकलं. "दोघं एकाच बियाण्याचे," ती म्हणाली. "खा आता. फोन करायचाय ना तुला? तोंडात घास घेऊन करू नकोस."

लिझेटने अंगणात जाऊन फोन लावला. प्रवेशाच्या कचेरीतल्या मुलीचा आवाज तरुण आणि गोड होता.

"तारीख बदलायची आहे? कारण काय लिहू?"

"सुगी."

"म्हणजे... घरात कुणाची तब्येत वगैरे?"

"नाही, सगळे ठणठणीत आहेत. बटाटे जमिनीत आहेत आणि सव्वीसला जमीन गोठणार आहे."

पलीकडे थोडा वेळ नुसता कळफलक वाजत राहिला. "माझ्यासमोर कारणांची यादी आहे, मॅडम. त्यात बटाटे नाहीत."

लिझेटने डोळे मिटले. "'इतर' मध्ये टाका," ती म्हणाली.

"टाकलं. सतरा ऑक्टोबरला एक जागा आहे. पण तोपर्यंत वर्गातल्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात, हे सांगायला हवं."

"चालेल."

"चालेल?"

"चालणार नाही. पण मी सतराला येते."

वेंडेलला कळलं तेव्हा त्याने पुन्हा गाडी बाजूला घेतली, पण या वेळी हसला नाही. म्हणाला, "डेगल, ज्या खड्ड्यात एकदा पडली, त्याच खड्ड्यात आधी फोन करून पुन्हा पडणारी मी पहिलीच बघतोय."

पंचवीस तारखेला दुपारी चार वाजता शेवटची रांग निघाली. शेवटचे दोन दिवस यंत्र मिशोंच्या मुलीने चालवलं, आणि लिझेट शेजारी उभी राहून हात खिशात ठेवायचा प्रयत्न करत होती.

सतरा ऑक्टोबरला खोलीत तिघं होते. कमिटीचे अध्यक्ष डॉ. स्टॅनवुड, पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवणारे, पांढऱ्या भुवयांचे. एक बालरोगतज्ज्ञ बाई. आणि तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. लिझेटने बहिणीसारख्या मैत्रिणीच्या लग्नात घातलेला निळा कोट घातला होता. नखं घासून घासून लाल झाली होती.

डॉ. स्टॅनवुडनी कागद पुढे ओढला. "दोन पूर्णांक पंच्याऐंशी."

"हो."

"आणि मुलाखत पुढे ढकललीत. कारण लिहिलंय..." ते वाकून वाचू लागले. "'इतर, कंसात बटाटे'. हे खरं आहे?"

"खरं आहे."

विद्यार्थी हसला आणि लगेच खोकला.

"मिस डेगल, तुमच्या अर्जातली चार शून्यं बटाट्यांमुळे आली. आणि तुम्ही आमच्याशीही तेच केलंत."

"तेच नाही केलं. तेव्हा न विचारता गेले होते. या वेळी विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

भुवया वर गेल्या. "त्या दोन वर्षांबद्दल तुम्हाला पश्चात्ताप होतो का?"

बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली, जणू परीक्षेत उत्तर सांगतायत. डॉ. हॅचचं वाक्य लिझेटच्या जिभेवर होतं. ते तिला पाठ होतं. एवढं उच्चारलं की ही माणसं सुटणार होती, आणि बहुधा तीही.

"न सांगता गेल्याचा होतो," ती म्हणाली. "गेल्याचा नाही होत."

"आमच्याकडे शरीररचनेची पहिली परीक्षा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असते. बटाटे तेव्हाही जमिनीत असतील."

"असतील. मी परीक्षेला बसेन."

"आम्ही हे कशावरून मानायचं?"

"कारण यंत्र चालवणारी दुसरी मुलगी मी तयार केलीय. त्यासाठीच तर तारीख बदलून घेतली." तिचा आवाज आता चढला होता आणि तो खाली आणायचा तिचा विचारही नव्हता. "सर, तुम्हाला वाटतंय मी पळून गेले होते. मी पळून नाही गेले, मी कामावर गेले होते. त्यात तोटा झाला तो माझा एकटीचा. आता माझ्या हातात माणसं असतात. नऊ वर्षांत अँब्युलन्सवरची एक पाळी मी चुकवलेली नाही, सुगीतसुद्धा नाही. माझ्या अधिकाऱ्यांचं पत्र तुमच्यासमोर आहे. ते माझ्यावर खूश नसतात, म्हणून ते खरं धरा."

बालरोगतज्ज्ञ बाई हसल्या. डॉ. स्टॅनवुड नाही हसले.

"आता मी एक विचारू?" लिझेट म्हणाली.

"विचारा."

"आमच्या दवाखान्यात नऊ हिवाळ्यांत अकरा डॉक्टर आले. सगळ्यांचे गुण तीनच्या वरचेच असणार, नाहीतर ते डॉक्टर झाले नसते. त्यांतला एकही तिसरा हिवाळा बघायला थांबला नाही. ते सगळे तुमच्यासारख्याच खोल्यांत बसून सांगून गेले असतील ना, की आम्ही खेड्यांत जाऊ?"

"बहुतेक सगळेच सांगतात," डॉ. स्टॅनवुड कोरडेपणाने म्हणाले. "तुम्हीही तेच सांगणार. शिकून झाल्यावर तुम्ही परत जाल याचा पुरावा काय?"

लिझेटने त्यांच्यासमोरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"ती चार शून्यं. मी तर परीक्षा सोडूनही परत गेले होते."

विद्यार्थ्याने वहीत काहीतरी लिहिलं. डॉ. स्टॅनवुडनी कागद उचलला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि म्हणाले, "धन्यवाद. आम्ही कळवू." त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. बाहेर येऊन ती गाडीत बसली, पण किल्ली तिने पंधरा मिनिटांनी फिरवली.

सहा आठवडे काही कळलं नाही. डॉ. हॅचना तिने मुलाखतीची हकीकत फोनवर सांगितली. त्या ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "बाई गं." पुढच्या वर्षीचे अर्ज जूनमध्ये उघडणार होते. लिझेटने चौथ्या अर्जासाठी कोरी फाइल बनवून ठेवली. बर्फ पडायला लागला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, ती आणि वेंडेल गॅरेजमध्ये अँब्युलन्स धूत होते. फोन वाजला. लिझेटने ओले हात पँटला पुसले.

"मिस डेगल? स्टॅनवुड बोलतोय. आपल्या राज्यातल्या मुलांना मी स्वतः फोन करतो, तशी पद्धत आहे. कमिटीने तुम्हाला प्रवेश दिलाय. ऑगस्टपासून."

लिझेटने पाण्याचा पाइप खाली टाकला. पाणी वेंडेलच्या बुटांवरून वाहू लागलं. तो शिव्या देणार होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

"ऐकताय ना?" फोनमधला आवाज म्हणाला.

"ऐकतेय."

"आणखी एक. हे सांगायची पद्धत नाही, पण तुम्ही माझ्याशी सरळ बोललात, म्हणून मीही सरळ बोलतो. मतं चार विरुद्ध तीन पडली. त्या तिघांत मी होतो. तुमच्या त्या दोन वर्षांबद्दल माझं मत बदललेलं नाही. वचन दिलं की माणसाने खुर्चीत दिसलं पाहिजे, असं मी मानतो, आणि माझ्या वर्गात तुम्हाला ते सिद्ध करावं लागेल."

लिझेटने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझंही मत बदललेलं नाही, सर," ती म्हणाली. "तुमचा तास किती वाजता असतो?"

"आठ वाजता. रोज."

"मी साडेसातला येऊन बसत जाईन. तुम्ही उशीर करू नका."

पलीकडून एक आवाज आला, तो खोकला होता की हसू, ते तिला आजतागायत ठरवता आलेलं नाही. फोन बंद झाला.

"काय झालं?" वेंडेलने विचारलं. त्याचे बूट भरले होते.

"तिघांना मी नकोय."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे चार होते."

वेंडेलने हिशेब केला. मग त्याने वाकून, गुडघ्याला शिवी देत, पाण्याचा पाइप उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"ऑगस्टला अजून आठ महिने आहेत, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "मागचं चाक तसंच राहिलंय."